कवळी ढिली झालीये? आधी घरी एवढं बघा आणि मग डेंटिस्ट गाठा

आमच्या आज्जीची कवळी सहा वर्षांची. दिवाळीनंतर ती जेवायला बसली की कवळी काढून पदराच्या टोकाला बांधून ठेवायला लागली, भाकरी तांबड्या रश्श्यात पार लगदा होईस्तोवर चुरायची, मटणाचे पीस गपचूप आमच्या ताटात सरकवायची आणि विचारलं की "मला न्हाई भूक बाळा". आम्हाला वाटलं वय झालं. पोलकं दंडावर ढिलं पडलं तेव्हा कुठं आईनं तोंड उघडायला लावून बॅटरी मारली, तर खालच्या हिरडीवर बरोबर कवळीच्या काठाखाली अर्ध्या शेंगदाण्याएवढी पांढुरकी जखम, कडेनं लालभडक. कधीपासनं म्हणून विचारलं तर म्हणे संक्रांतीपासनं! म्हणजे महिना उलटून गेलेला. म्हणून हे सगळं नीट लिहितेय, घरात कवळीवालं माणूस असेल तर आजच बघा.

आधी हे समजून घ्या की दात काढले की जबड्याचं हाड झिजायला लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, नंतर हळूहळू पण चालूच राहतं. खालचा जबडा वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतो म्हणून खालचीच कवळी आधी नाचायला लागते. नवी कवळी पहिले काही आठवडे टोचते, तिथं "सवय होईल" ठीक आहे, पण पाच-सहा वर्षं वापरलेली कवळी टोचायला लागली तर सवयीची वाट बघत बसू नका.

घरी तपासायचं कसं, तर कवळी घालून बसवा, हात स्वच्छ धुवून एका बाजूच्या दाढांवर बोटानं हलकं दाबा. दुसरी बाजू उचलली तर ढिली आहे. बोलताना टकटक आवाज येतो का, जेवल्यावर खाली शेंगदाण्याचा कूट अडकतो का तेही विचारा. मग कवळी काढा आणि टाळू बघा, कवळीच्याच आकाराचा लाल पट्टा दिसला तर बहुतेक वेळा ते बुरशीचं इन्फेक्शन असतं, ते दुखत नाही त्यामुळं कुणी सांगत पण नाही. ओठांचे कोपरे सारखे फुटतात का तेही बघा. शुगर असेल तर जास्तच काळजी घ्या, इन्फेक्शन लवकर होतं आणि जखम लवकर भरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कवळी काढून ठेवली तरी जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवायचीच. आपल्याकडं मिश्री आणि तंबाखू किती घरात चालते ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळं "कवळी घासलीय" म्हणून सोडून देऊ नका, कॅन्सर नाही ना हे डॉक्टरांनीच बघून सांगायला पाहिजे. काठावर हिरडीची मऊ घडी वाढलेली दिसली तर तीही दाखवा, सारखं घासून घासून तसं मांस वाढतं.

जेवणाचं नुकसान तर हळूच होतं. चावता येत नाही म्हणून माणूस मटण, काकडी, शेंगदाणे सोडतं आणि चहा-बिस्कीट, मऊ भात एवढ्यावर येतं, मग वजन आणि ताकद दोन्ही जातं. काहीजण न चावताच गिळतात, त्यात घास अडकायची भीती.

घरात काय करायचं नाही तेही सांगते. कानशीनं घासायची नाही, तुटली तर फेविक्विक लावायचं नाही, उकळतं पाणी ओतायचं नाही कारण आकार बदलतो. चिकटवायची क्रीम थोडी चालते, पण ट्यूब पटापट संपायला लागली तर कवळी बसत नाही असंच समजा. झिंकवाली क्रीम वर्षानुवर्षं भसाभस वापरली तर शरीरातलं तांबं कमी होऊन हातापायाला मुंग्या येणं, चालताना तोल जाणं असं होऊ शकतं.

डेंटिस्टकडं गेल्यावर "रिलाईन होईल का" असं स्पष्ट विचारा. रिलाईन म्हणजे कवळीच्या आतल्या बाजूला नवीन थर देऊन ती आत्ताच्या हिरडीला बसती करतात, दात तेच राहतात, त्यामुळं दर वेळी नवी कवळी लागतेच असं नाही. हिरडी फार दुखरी असेल तर मऊ लाईनर लावतात. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे, अशा कॉलेजात कवळीचा वेगळा विभाग असतो, त्याला प्रोस्थोडोंटिक्स म्हणतात. जायच्या आदल्या दिवशी थोडा वेळ तरी कवळी घालायला लावा, म्हणजे नेमकी कुठं टोचते ते डॉक्टरांना हिरडीवर दिसतं. आज्जीनं चार दिवस काढूनच ठेवलेली, त्यामुळं आम्हाला दोन खेपा पडल्या.

आणि रात्री कवळी काढायचीच. जपानमध्ये 85 च्या पुढच्या 524 लोकांवर अभ्यास झाला, 2015 साली छापून आलाय, त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीच्या वर निघाला. मऊ ब्रश आणि साध्या साबणानं घासा, टूथपेस्टनं बारीक ओरखडे पडतात आणि त्यात बुरशी बसते. घासताना खाली पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवा, हातातून निसटली तरी फुटत नाही. मग रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, हिरड्या आणि जीभ ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

रिलाईन करून आणली की पहिले दोन-तीन दिवस मऊ खायला द्या, घास बारीक करून दोन्ही बाजूंनी चावायला सांगा, एकाच बाजूनं चावलं की कवळी परत उचलते. आठवड्यानं परत दाखवून या, नवीन थर एखाद्या ठिकाणी टोचतोच, तो डॉक्टर पाच मिनिटांत घासून देतात.