कपडे ऐच्छिक रिसॉर्टला जोडीने जाताय? या चुका टाळा

जिथे कपडे घालायची सक्ती नसते अशा रिसॉर्टला पहिल्यांदा जाणारं जोडपं चारचौघांत उघडं होण्याची धास्ती घेऊन जातं, ती धास्ती साधारण अर्ध्या तासात विरते. आजूबाजूला सगळेच उघडे असले की कोणाला कोणाचं काही वाटेनासं होतं. आमचंही तसंच झालं. फजिती झाली ती भलतीकडेच: एक चुकीचं बुकिंग, एक भाजून निघालेली पाठ आणि एका संध्याकाळचं भांडण. तिन्ही टाळता आली असती.

शब्द नीट न वाचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक घरबसल्या, बुकिंग करतानाच होते. ‘क्लोदिंग ऑप्शनल’, ‘न्यूड’ आणि ‘नॅचरिस्ट’ हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वाचतो. ऑप्शनल म्हणजे कपडे काढा नाहीतर घाला, मर्जी तुमची. न्यूड विभाग म्हणजे बहुतेक ठिकाणी तिथे कपडे चालतच नाहीत. जमैकातल्या नेग्रिलच्या ‘हेडोनिझम टू’ या रिसॉर्टमध्ये किनाऱ्याचे दोन भाग आहेत, एक ‘न्यूड’ आणि दुसरा, गमतीने म्हटलेला, ‘प्रूड’, म्हणजे सोवळा. न्यूड भागात पोहण्याचा पोशाख चढवून आरामखुर्ची अडवली, तर कपडे काढा किंवा पलीकडे जा असंच ऐकावं लागणार. नव्या जोडप्याने सुरुवात दुसऱ्या भागात केलेली बरी.

नॅचरिस्ट हे प्रकरण आणखी वेगळं. फ्रान्समध्ये मोंतालिवेचं नॅचरिस्ट केंद्र 1950 मध्ये सुरू झालं, क्रोएशियातलं कोव्हर्साडा 1961 मध्ये. तिथे आजी-आजोबा, मुलंबाळं, तंबू, सायकली असा संसार असतो आणि नग्नतेचा लैंगिकतेशी संबंध जोडलेला तिथे खपत नाही. ‘फक्त प्रौढांसाठी’ असलेली रिसॉर्टं बऱ्याचदा दुसऱ्या घराण्यातली. मेक्सिकोतलं ‘डिझायर’ फक्त जोडप्यांसाठी आहे, वय 21 च्या पुढे, आणि तिथला संध्याकाळचा माहोल उघडपणे शृंगारिक असतो. दोन्हींत वाईट काहीच नाही. पण एक मनात धरून दुसऱ्याच्या दारात उतरलात, तर आठवडाभर एकमेकांकडे बघत बसाल.

आम्ही नेमकं तेच केलं. शांतपणे पुस्तक वाचत पडायचं म्हणून गेलो आणि दुपारी दोनपासून तरणतलावाच्या काठावर ढोल बडवल्यासारखं संगीत. नंतर लक्षात आलं की त्यांच्याच वेबसाइटवर दुपार-संध्याकाळचे कार्यक्रम लिहिलेले होते, आम्ही फक्त खोल्यांचे फोटो पाहिले होते. तेव्हा उलटं करा. खोलीचे फोटो शेवटी बघा, आधी कार्यक्रमांचं वेळापत्रक वाचा. ‘लाइफस्टाइल’ हा शब्द दिसला तर तो जोडीदारांच्या अदलाबदलीच्या अर्थाने वापरतात, राहणीमानाच्या नव्हे. एकटे पुरुष आणि एका दिवसापुरते येणारे पाहुणे घेतात का, हे ईमेल करून विचारून घ्या. माहोल त्यावर बराच ठरतो.

माहिती जुनी नाही ना, हेही पाहा. कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावरच्या ‘क्लब ओरिएंट’चे गोडवे गाणारे लेख अजून सापडतात, ते रिसॉर्ट सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलं. तिथला वादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो. त्या काळात दर उतरलेले दिसले तर कारण हेच, म्हणून रद्द केल्यावर पैसे परत मिळणारं बुकिंग घ्या.

जोडीदाराला ‘सरप्राइज’ देणं

हे करू नका. एवढंच पुरेसं आहे, पण होकार मिळाल्यावरही घोळ होतो. ‘चालेल, जाऊ’ या दोन शब्दांत एकाच्या डोक्यात पूर्ण नग्नता असते आणि दुसऱ्याच्या डोक्यात अंधार पडल्यावर पाच मिनिटं पाण्यात. म्हणून निघण्याआधी बारीकसारीक बोला: काय काढायचं, कुठे, किती गर्दीत, अनोळखी जोडप्याने जेवायला सोबत बोलावलं तर काय, कोणी तुझ्या शरीराचं कौतुक केलं तर मला काय वाटेल. हे शेवटचं बोलताना दोघांनाही कसंतरी होतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

तिथे गेल्यावर ज्याचा वेग कमी, त्याच्या वेगाने चाला. आमचं भांडण झालं ते ‘चल ना, काय एवढं लाजायचं!’ या वाक्यावरून. चारचौघांत म्हटलेलं हे वाक्य गमतीचं राहत नाही. मध्येच कोणाला नको वाटलं तर एक ठरलेला शब्द असू द्या, तो उच्चारला की कारण न विचारता दोघांनी उठायचं. चर्चा खोलीत गेल्यावर, कपडे घालून, पाणी पिऊन.

उन्हाचा हिशेब न करणं

इथे मात्र जरा थांबतो, कारण सुट्टीचा विचका लाज नाही, ऊन करतं. जी कातडी आयुष्यात कधी उन्हात आली नाही ती पहिल्याच दिवशी तासन् तास तापते. सावळ्या रंगाने थोडं संरक्षण मिळतं, पण पोळायचं ते पोळतंच.

सनस्क्रीन आपण फार हात राखून लावतो. चाचण्यांत एसपीएफचा, म्हणजे ते ऊन किती अडवतं याचा, आकडा ठरवतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका थर लावून. अख्ख्या अंगासाठी याचा अर्थ एका वेळेला साधारण 30 ते 35 मिलिलिटर. दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा. दोघांनी दिवसातून तीनदा लावलं तर 200 मिलिलिटरची बाटली एका दिवसात उडते. विमानात हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली सहसा नेऊ देत नाहीत, म्हणून साठा मोठ्या बॅगेत टाका. रिसॉर्टच्या दुकानात तीच बाटली घेताना डोळे पांढरे होतात.

विसरण्याच्या जागा ठरलेल्या: नितंबांची खालची घडी, स्तनांच्या कडा, जांघा, पायाचे तळवे, आणि पुरुषांच्या बाबतीत जे सांगायला नको ते. एकमेकांना लावा, आणि कपडे काढण्याआधी खोलीतच लावून निघा. छत्रीखाली बसलो म्हणजे सुटलो असंही नाही, कारण कोरडी वाळू सुमारे 15 टक्के अतिनील किरण परत उसळवते. पहिल्या दिवशी सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर, तेही थोडा थोडा वेळ. मलेरियापासून बचावासाठी डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर त्वचा उन्हाला जास्तच हळवी होते. डॉक्टरांना आधी विचारा.

पोळलंच तर? लाली काही तासांनी दिसू लागते आणि बारा ते चोवीस तासांत भडकते. म्हणून दुपारी ‘थोडंसं लाल झालंय’ वाटलं की त्या दिवसाचं ऊन संपलं. गार पाण्याने अंघोळ, बर्फ नाही, कोरफडीचं जेल किंवा साधं मॉइश्चरायझर, भरपूर पाणी, सैल सुती कपडे. फोड फोडू नका. ताप, उलटी, गरगरणं किंवा मोठे फोड आले तर डॉक्टर. माझी पाठ तीन दिवस खुर्चीला टेकली नाही. कपडे ऐच्छिक रिसॉर्टमध्ये लांब बाह्यांचा शर्ट घालून फिरणारा मी एकटाच होतो.

निघण्याच्या आदल्या रात्री अंगावरच्या केसांवर वस्तरा चालवणं हीसुद्धा याच जातीची चूक. नुकताच वस्तरा फिरवलेल्या कातडीला खारं पाणी आणि वाळू काय करते, ते कळायला एकच डुबकी पुरते. दोन-तीन दिवस आधी उरका.

बाकीच्या छोट्या चुका

टॉवेल खोलीत विसरू नका. उघड्या अंगाने खुर्चीवर, बारच्या स्टुलावर, कुठेही बसायचं तर टॉवेल टाकूनच. जगभरातल्या अशा जागांचा हा पहिला नियम आहे. जेवणाच्या हॉलमध्ये बहुतेक ठिकाणी काहीतरी अंगावर हवंच, त्यासाठी एक सरॉन्ग, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं कापड, सोबत असला की काम भागतं.

पुरुषांना पडणारा, पण विचारायची लाज वाटणारा प्रश्न: शरीराने नको तेव्हा हजेरी लावली तर? पालथे पडा, टॉवेल ओढून घ्या किंवा पाण्यात शिरा. दोन मिनिटांत निवळतं. ते मिरवत फिरणं मात्र असभ्य समजतात. पाळी आली तर टॅम्पॉन किंवा कप, नाहीतर सरळ खालचा पोशाख घाला. ऑप्शनल शब्दाचा खरा उपयोग तो.

कोणी जवळीक वाढवू लागलं तर हसून ‘नाही, धन्यवाद’. स्पष्टीकरण देत बसू नका, त्यातून बोलणी सुरू होतात. दुसऱ्यांदा आलं तर कर्मचाऱ्याला सांगा. चांगल्या रिसॉर्टमध्ये अशा पाहुण्याला बाहेरचा रस्ता दाखवतात, आणि तिथे तक्रार करणाऱ्याला कोणी हसत नाही. दारू फुकट असली तरी बेताने, कारण आधी ठरवलेल्या सगळ्या सीमा तिसऱ्या ग्लासानंतर पुसट होतात. नोकरी म्हणून कपडे घालून उभ्या असलेल्या वेटरशी थट्टा तर नकोच. त्यांना उठून जाता येत नाही.

हद्दीच्या दोरीपलीकडचा किनारा रिसॉर्टचा नसतो. मायामीच्या हॉलोव्हर बीचवरही 1991 पासून कपडे ऐच्छिक आहेत ते एका ठरावीक पट्ट्यातच. पाट्या बघितल्याशिवाय पुढे चालत जाऊ नका.

आणि फोन. बहुतेक ठिकाणी सार्वजनिक जागेत कॅमेऱ्याला बंदी असते, मग तुम्ही फक्त एकमेकांचाच फोटो काढत असलात तरी. आठवण हवी असेल तर खोलीत काढा, पण बाल्कनीत नको, मागे शेजाऱ्यांची बाल्कनी येते. त्याआधी फोनमधलं फोटोंचं आपोआप होणारं बॅकअप बंद करा. घरच्या टीव्हीवर तोच फोटोसंग्रह आपोआप फिरत असतो, हे आम्हाला विमानतळावर आठवलं.