कीवेवर इन्सर्ट तुटतोय? ग्रेड बदलण्याआधी धार बघा

कीवे (चावी बसवायची लांबट खाच) असलेला शाफ्ट लेथवर टर्न करताना इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवलेला कार्बाइडचा कापणारा तुकडा) दर फेऱ्याला एकदा हवेत जातो आणि परत जॉबवर आदळतो. व्यास ६० मिमी आणि कटिंग स्पीड मिनिटाला १२० मीटर धरला तर आरपीएम ६३७ च्या आसपास येतो. १० मिनिटांत ६,००० च्या वर ठोके. एका ठोक्याने इन्सर्ट तुटत नाही. पण कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कडक कण, कोबाल्टने एकमेकांना धरलेले. ठोक्यांनी कोबाल्ट थोडा थोडा दबतो, कणांना बारीक तडे जातात, तडे एकमेकांना मिळतात आणि मग कपची उडते.

इन्सर्ट काढा, पुसा, १० पट भिंगाखाली तिरप्या उजेडात धरा. धारेला समांतर तडा किंवा उडालेल्या कपच्या दिसल्या तर मार ठोक्यांचा आहे. धारेला काटकोनात, कंगव्याच्या दातांसारखे तडे असतील तर दोष तापण्या-निवण्याचा. कूलंट एकतर भरपूर आणि सलग द्या, नाहीतर पूर्ण बंद करा. अधूनमधून पडणारी कूलंटची बारीक धार सगळ्यात वाईट. तिसरा प्रकार फसवा: कपची नाही, पण धार खाली बसलेली आणि खालची बाजू फुगलेली. हा उष्णता आणि दाबाचा परिणाम. इथे स्पीड कमी करा, मग फीड (टूल दर फेऱ्याला किती पुढे सरकतं ते), आणि ग्रेड (कार्बाइडचा प्रकार) जास्त कडक घ्या. ‘तुटतोय’ म्हणून इथेही चिवट ग्रेड लावला तर धार आणखी लवकर बसते.

ठोक्यांचा मार असेल तर ग्रेडकडे सगळ्यात शेवटी वळा. आधी टूल किती बाहेर आहे ते मोजा. २० मिमी शँकला (टूलच्या दांड्याला) ३० मिमीपेक्षा जास्त नको. इन्सर्टखालची शिम (आधाराची पट्टी) काढून बघा. तिचा कोपरा तुटला असेल किंवा खाली बुरादा अडकला असेल तर इन्सर्ट अधांतरी बसतो, आणि मग कुठलाही ग्रेड टिकत नाही. नोज रेडियस (इन्सर्टच्या टोकाची गोलाई) ०.४ मिमी असेल तर ०.८ घ्या. फीड २० टक्क्यांनी उतरवा. स्पीड मात्र फार पाडू नका, कारण मग धारेवर धातू चिकटतो आणि सुटताना कपची घेऊन जातो. एवढं करूनही तुटला तर पी१५ वरून पी२५ किंवा पी३५ वर जा (‘पी’ म्हणजे स्टीलसाठीचे ग्रेड). आकडा वाढतो तसा चिवटपणा वाढतो आणि कडकपणा घटतो.

ब्रेझ केलेली (दांड्यावर झाळलेली) टिप वापरत असाल तर धार किंचित मोडायला डायमंड फाइल धारेवर ४५ अंशांत दोन-तीनदा हलकेच फिरवा. उजेडात केसाएवढी चमकती रेघ दिसली की थांबा. कोटिंगवाल्या इन्सर्टवर हे करू नका, कोटिंग निघून जातं. आणि ग्राइंड करताना तापलेली टिप पाण्यात बुडवलीत, तर तडे मशीनवर चढण्याआधीच पडलेले असतात.

ड्रॉइंगमध्ये बसत असेल तर टर्निंग आधी उरका आणि कीवे नंतर मारा. तेही जमत नसेल तर निदान कीवेच्या कडा फाइलने मोडून घ्या.