खरीप टोमॅटो: बगलफूट काढण्याआधी वाण आणि अंतर बघा

जुलैत लावलेल्या टोमॅटोची तारकाठी (तार-काठीचा आधार देणे) सुरू झाली की बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातली फूट, काढायला मजूर लागतात. त्याआधी वाण कोणता आहे ते बघा. मर्यादित वाढीच्या वाणात खोडाच्या टोकाला फुलांचा घोस येऊन शेंडा थांबतो आणि पुढचा माल फुटींवरच धरतो. अशा झाडाच्या सगळ्या फुटी काढणे म्हणजे मालच खुडणे. तिथे फक्त जमिनीलगतची फूट काढावी, पहिल्या घोसाच्या लगेच खालची ठेवावी.

सतत वाढणाऱ्या वाणात एकच खोड ठेवले तर फळ मोठे होते, पहिला तोडाही लवकर येतो, पण झाडामागे फळे कमी लागतात. ही तूट झाडांच्या संख्येने भरून काढावी लागते. 4×2 फुटांवर (दोन ओळींत 4, दोन झाडांत 2 फूट) एकरी सुमारे 5,400 झाडे बसतात, 4×1 फुटावर 10,900. रुंद अंतरावर एक खोड ठेवून एकरी उत्पादन वाढत नाही, हे अनेकदा विसरले जाते. उघड्या शेतात 4×1.5 फूट आणि दोन खोडे हा मेळ आम्हाला बरा वाटतो. दुसरे खोड म्हणून पहिल्या घोसाच्या लगेच खालची फूट धरावी, ती सर्वांत जोमदार असते. त्याखालच्या सगळ्या काढाव्यात.

फूट पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघते, घोस मात्र दोन पानांच्या मधल्या खोडावर येतो. नवख्या मजुराला हे झाडावर दाखवा, नाहीतर घोसच मोडले जातात. फूट दोन-तीन इंचांची असताना बोटांनी बाजूला वाकवली की स्वच्छ मोडते. आठवड्यातून एक फेरी पुरते. बोटभर जाड झालेली फूट ओढू नका, खोडाची साल सोलली जाते. तिची दोन पाने ठेवून फक्त शेंडा खुडावा.

पाने ओली असताना हे काम नकोच, जिवाणूजन्य रोग हातांवाटे पसरतो. रोगट झाडे शेवटी हाताळा. तंबाखू मळलेल्या हातांनी मोझॅक विषाणू येऊ शकतो, म्हणून आधी साबणाने हात धुवावेत. जमिनीला टेकणारी पाने काढल्यास करपा रोग उशिरा चढतो, पण फळांवरची सावली राखा. पावसाची उघडीप होऊन कडक ऊन पडले की उघड्या फळांवर पांढरे चट्टे येतात आणि व्यापारी तो माल बाजूला काढतो.

फूट फारच जोरात येत असेल तर आधी युरियाची मात्रा जास्त झाली का ते तपासा.

शेवटच्या तोड्याच्या पाच-सहा आठवडे आधी, वरच्या घोसावर दोन पाने ठेवून शेंडा खुडावा.