करोनात घर विकायचं का? आधी फरक काढा

२०२० च्या दिवाळीच्या सुमारास, ऐन करोनात, मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे "आता घर विकायचं का?" याच प्रश्नाचे होते. मी सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झाले, त्यामुळे नात्यागोत्यातल्या लोकांना वाटतं की मला बाजाराचं भविष्य कळतं. मला कळत नाही. ब्रोकरलाही कळत नाही, फक्त तो तसं कबूल करत नाही. तेव्हा "भाव आणखी पडतील का हो?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि एका कागदावर एवढंच लिहा: विकून आलेले पैसे कुठे जाणार? याचं उत्तर प्रामाणिकपणे लिहिलंत की अर्धा निर्णय झालाच.

माझ्या धाकट्या दिरांचंच घ्या. मुलुंड पूर्वेला वन बीएचके, २००७ च्या दिवाळीत तीस लाखांना घेतलेला. त्या मार्चपासून दीर जेवणाच्या टेबलावर ऑफिस करत होते, मुलीची शाळा पलंगावर भरत होती आणि जाऊबाई ओट्यावर लॅपटॉप ठेवून कुकरच्या शिट्ट्या म्यूट करत होत्या. मोठं घर हवं होतं, पण दिरांचं एकच पालुपद: "वहिनी, गेल्या वर्षी आमच्याच मजल्यावरचा फ्लॅट एक कोटीला गेला. आता नव्वद म्हणतात. दहा लाख पाण्यात घालू का?"

महिलांना लोकल खुली झाल्यावर अकराच्या पुढची गाडी पकडून मी डोंबिवलीहून गेले आणि त्यांच्यासमोर आकडे मांडले. गेल्या वर्षी तुमचं घर एक कोटीचं होतं, तर त्याच भागातला टू बीएचके दीड कोटीचा होता. म्हणजे वरचे पन्नास लाख घालावे लागले असते. आता दोन्ही दहा टक्क्यांनी उतरलेत असं धरा. तुमचे नव्वद, त्याचे एक कोटी पस्तीस. फरक पंचेचाळीस. विकताना दहा गेले, घेताना पंधरा वाचले. शिवाय मुंबईत मुद्रांक शुल्क ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पाचाऐवजी दोन टक्के होतं. एक कोटी पस्तीस लाखांवर पाच टक्के म्हणजे पावणेसात लाख, दोन टक्के म्हणजे दोन लाख सत्तर हजार. चार लाख पाच हजार तिथे वाचत होते. गृहकर्जाचे दरही तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास आले होते. माझ्या नोकरीच्या काळात बहुतेक वर्षं मी याहून बरेच चढे दर लिहिलेत. लहान घरातून मोठ्या घरात जाणाऱ्याला पडता बाजार वाईट नसतो. दहा लाख गेले म्हणून हळहळायचं, तर पंधरा वाचले त्याचे पेढेही वाटा.

मोठं विकून लहान घ्यायचं असेल तर हेच गणित उलटं फिरतं. ठाण्याचा थ्री बीएचके विकून नाशिकला किंवा कोकणात गावी जायचं म्हणणारे बरेच निवृत्त लोक मला भेटतात. त्यांच्या हातात उरणारी रक्कम भावाबरोबर घटते, आणि ती एफडीत टाकली तर तेव्हा मोठ्या बँकांकडून साडेपाच टक्के मिळाले तरी पुष्कळ होतं. अशांना घाई नसेल तर मी थांबा म्हणते. घर भाड्याने द्या, वर्षभर गावी राहून बघा. गावातलं घर गणपतीत आठ दिवस आवडणं वेगळं आणि जुलैच्या पावसात दिवे गेलेले असताना आवडणं वेगळं. अपवाद एकच: लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोघंच म्हातारी माणसं राहत असतील आणि औषधं कोणी आणून द्यायची हाच रोजचा प्रश्न असेल, तर पाच-सात लाखांसाठी थांबू नका.

तिसरी मंडळी म्हणजे पगार कापला गेलेली किंवा नोकरीच गेलेली. करोनात मिळालेली, कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत ३१ ऑगस्ट २०२० ला संपली, आणि त्या सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात चढलं. यांनी ब्रोकरच्या आधी बँकेत जावं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२० मधल्या योजनेनुसार कर्जाची पुनर्रचना करून घेता येत होती, मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकत होती. अट अशी होती की १ मार्च २०२० ला खातं तीस दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नसावं, आणि बँकेने ३१ डिसेंबर २०२० च्या आत प्रकरण हाती घेतलेलं असावं. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज घेऊन जाऊ नका, त्या वेळी मॅनेजरला वेळ नसतो, असं मी सांगत होते. मुदत वाढवून जो हप्ता येईल तोही झेपणार नाही असं दिसलं, तर मात्र घर विकायला काढा, आणि लवकर काढा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे ३१ ऑगस्ट २०२० ला एनपीए (हप्ते थकून बुडीत धरलेली) नसलेली खाती तेव्हा एनपीए ठरवता येत नव्हती, पण ते छत्र कायमचं नव्हतं. ते नसलं की नव्वद दिवसांची थकबाकी, मग साठ दिवसांची सरफेसीची (बँकेला गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची) नोटीस, मग दारावर कागद. नोटीस लागलेल्या घराला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. मालकाने स्वतः शोधलेल्या गिऱ्हाइकाचा भाव लिलावात क्वचितच येतो, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

विकायचं ठरलं, तर भाव कसा काढायचा? जाहिरातीतले आकडे मालकाच्या मनातले असतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या भागात नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे त्या व्यवहाराचा सरकारी उतारा, शोधता येते. त्यात मोबदला आणि बाजारमूल्य असे दोन आकडे दिसतात. मोबदला म्हणजे खरोखर ठरलेली किंमत, बाजारमूल्य म्हणजे रेडीरेकनर या सरकारी दरपत्रकावरून निघणारी. ताजे व्यवहार बघा, गेल्या वर्षीचे विसरा. संकेतस्थळ दिवसा रडतखडत चालतं, रात्री जेवणं उरकल्यावर बसा.

बाजारमूल्याचा आकडाही सोडू नका. मंदीत ठरलेला भाव रेडीरेकनरच्या खाली जाऊ शकतो. रेडीरेकनरची किंमत त्या भावापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाली, तर आयकर खातं तीच किंमत तुम्हाला मिळाली असं धरून भांडवली नफा मोजतं. न मिळालेल्या पैशावर कर! घेणाऱ्यालाही त्याचा फटका बसतो. "थोडे रोख द्या, कागदावर कमी दाखवू" म्हणणाऱ्याला तर पहिल्याच भेटीत चहा पाजून वाटेला लावा.

मुद्रांक शुल्काच्या त्या सवलतीबद्दल एक घोळ सगळीकडे ऐकत होते. ती घेणाऱ्याच्या खिशात पडत होती, विकणाऱ्याच्या नाही. पण तिच्यामुळेच गिऱ्हाईक तेव्हा दारात उभं होतं. नव्वद लाखांच्या घरावर त्याला डिसेंबर २०२० पर्यंत एक लाख ऐंशी हजार भरायचे होते. १ जानेवारी २०२१ पासून दर तीन टक्के झाला की दोन लाख सत्तर हजार, आणि एप्रिलपासून पुन्हा साडेचार लाख. घाई त्याला होती. जूनमध्ये भाव जेवढा कमी केला असता तेवढा दिवाळीच्या तोंडावर करायचं कारण नव्हतं. फार ताणायचंही नव्हतं, कारण काही बिल्डरांनी नव्या घरांवर उरलेलं शुल्कही आपणच भरू असं जाहीर केलं होतं, आणि गिऱ्हाइकाने त्या जाहिराती वाचलेल्या होत्या.

घर दाखवायची पद्धत बदला. आधी व्हिडिओ, आणि तोही खरा: सकाळच्या उजेडात, दारातून सुरुवात करून सलग, न कापता. बाथरूमचा नळ सोडून पाण्याचा जोर दाखवा. बेडरूमच्या भिंतीला ओल असेल तर तीही दाखवा. ती बघून जो येईल तोच खरा घेणारा. दिरांच्या सोसायटीने ब्रोकरना गेटवरच अडवायचं ठरवलं होतं. सेक्रेटरींना लेखी अर्ज दिल्यावर रविवारी सकाळी, एका वेळी दोनच माणसं, मास्क काढायचा नाही, वॉचमनच्या वहीत नाव आणि नंबर, एवढ्यावर परवानगी मिळाली. घरात सासूबाई आहेत, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी त्यांना शेजारी पाठवून खिडक्या उघड्या ठेवायचं ठरलं. गंमत म्हणजे येणाऱ्याचा पहिला प्रश्न तेव्हा पार्किंगचा नसायचा. वायफायची रेंज आतल्या खोलीत येते का, हे आधी विचारायचे.

टोकन (विसार) घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या बँकेचं मंजुरीपत्र बघा, आणि त्यावरची तारीखही. पगारकपातीनंतर बँका ताज्या पगारपावत्या मागतात. जुन्या मंजुरीवर विसंबून तुम्ही पुढच्या घराचं टोकन देऊन बसलात तर दोन्हीकडून अडकाल. टोकनच्या कागदात तेव्हा मी एक कलम घालून घ्यायला सांगत होते: इमारत सील झाली, टाळेबंदी लागली किंवा दोघांपैकी कोणी पॉझिटिव्ह आलं तर मुदत आपोआप तेवढे दिवस वाढेल आणि कुणाचंही टोकन जप्त होणार नाही. वकिलाला सांगितलंत तर दहा मिनिटांचं काम आहे.

कागदपत्रांत मात्र मंडळी खरी अडकतात. वडील जाऊन वर्षं झाली तरी सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्यांचंच नाव असतं. सोसायटीत नॉमिनी मी आहे म्हणजे घर माझं, असं समजू नका. बाकीच्या वारसांचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. एक भाऊ न्यू जर्सीत असेल तर आणखी पंचाईत. तो येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) भारतीय वकिलातीमार्फत साक्षांकित करून पाठवावं लागतं, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. तेव्हा कुरियरलाही वेळ लागत होता. अशी फाईल तेव्हा उघडणाऱ्यांना मी सांगत होते, ३१ डिसेंबरचा नाद सोडा, तीन टक्क्यांच्या मार्चअखेरचा बेत ठेवा.

दस्तावर सह्या होऊन शुल्क डिसेंबरमध्ये भरलं, तर नोंदणीला कायद्याने चार महिने मिळतात, म्हणून वर्षअखेरच्या गर्दीत सासूबाईंना रांगेत उभं करायची गरज नव्हती. आधी वेळ घेऊन जा. अंगठा आणि फोटो चुकत नाही, करोनातही फोटोला मास्क काढावाच लागायचा. सॅनिटायझर आपला न्या आणि अंगठा कोरडा करूनच मशीनवर ठेवा, ओला घेत नाही.

शेवटी कर. दिरांच्या उदाहरणात २००७-०८ चा महागाई निर्देशांक (जुनी खरेदी विक्रीच्या वर्षाच्या भावात मोजायचा सरकारी आकडा) १२९ आणि २०२०-२१ चा ३०१. तीस लाखांची खरेदी तेव्हा सत्तर लाखांची धरली जात होती. नव्वदला विकलं तर नफा वीस लाख, त्यावर तेव्हाच्या नियमाने वीस टक्के कर आणि उपकर मिळून चार लाख सोळा हजार. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली तो वाचत होता. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नाही, तर पैसे बचत खात्यात लोळू देऊ नका, बँकेत कॅपिटल गेन्सचं वेगळं खातं उघडून त्यात ठेवा.

आणि पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणारा तुमच्या पैशांतून टीडीएस, म्हणजे सरकारला भरायचा कर, आधीच कापतो. एरवी एक टक्का असतो, ३१ मार्च २०२१ पर्यंत पाऊण टक्का होता. नव्वद लाखांवर साडेसदुसष्ट हजार. तो त्याने तुमच्या पॅनवर भरला की नाही ते २६-एएस या तुमच्या कराच्या उताऱ्यात तपासा, आणि १६-बी हे कर कापल्याचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत त्याचा नंबर फोनमधून काढू नका.