आउटबोर्ड मोटर उघडण्यापूर्वीची तयारी

आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन, नीट चालत नसेल, तर झाकण काढून पाना हातात घेण्याआधी तक्रार नेमकी काय आहे ते कागदावर लिहून काढावे. मोटर थंड असताना सुरू होत नाही की तापल्यावर बंद पडते, कमी गतीला अडखळते की पूर्ण थ्रॉटल दिल्यावर धाप टाकते, बिघाड हळूहळू वाढला की नवे पेट्रोल भरताच सुरू झाला, या प्रश्नांच्या उत्तरांवरून पुढची दिशा बरीचशी ठरते. फक्त कमी गतीला बंद पडणाऱ्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) मोटरीत आयडल जेट, म्हणजे कमी गतीला पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, बुजलेला असण्याची शक्यता मोठी असते. काही मिनिटे उत्तम चालून मग मंदावणाऱ्या मोटरीत मात्र सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आधी पाहावा, कारण तो बंद राहिला तर आत हवा शिरत नाही आणि पेट्रोल ओढणे जड होत जाते.

त्या मॉडेलचे मॅन्युअल, स्पार्क प्लगचा पाना, सांगितलेल्या क्रमांकाचे नवे प्लग, फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), स्पार्क टेस्टर (ठिणगी तपासण्याचे साधन), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे), नवा इंधन फिल्टर आणि एक पारदर्शक बाटली जवळ असावी. या सगळ्यांहून उपयोगी वस्तू म्हणजे स्वतःचा पाइप आणि हातपंपाचा बल्ब असलेली, ताज्या पेट्रोलने भरलेली वेगळी छोटी टाकी. टू-स्ट्रोक मोटरीत तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असेल, तर या टाकीतही ते मॅन्युअलमधील प्रमाणातच घालावे; ५०:१ सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर.

काम मोकळ्या हवेत करावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचते. मोटर जमिनीवर चालवायची असेल तर प्रोपेलर आधी काढावा आणि पाणी घेण्याच्या जाळ्यांवर नळाच्या पाइपला जोडलेले रबरी कप बसवावेत, कारण पाण्याविना काही क्षण चालवली तरी पंपातील रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) खराब होऊ शकतो. या जोडणीवर मोटर कमी गतीलाच चालवायची असते, त्यामुळे भार आल्यावरच दिसणारा दोष इथे सापडणार नाही. त्यासाठी पाण्यात जाऊन, सुकाणूवर दुसरी व्यक्ती बसवूनच चाचणी घ्यावी लागते.

टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल बाटलीत काढून स्थिर ठेवावे. पाणी असेल तर ते खाली वेगळा थर धरते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते आणि मर्यादेपलीकडे गेल्यावर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, म्हणजे नेमके जिथून मोटर इंधन ओढते तिथेच. असे पेट्रोल काढूनच टाकावे. वरून ताजे ओतून ते सुधारत नाही.

बल्बवरचा बाण मोटरीकडे आहे ना हे पाहून तो दाबावा. तो कडक होतच नसेल तर वाटेत कुठेतरी हवा शिरते आहे, बल्बची झडप गळते आहे किंवा पेट्रोल कार्ब्युरेटरमधून ओसंडते आहे. मोटर चालू असताना बल्ब चपटा पडत असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. भाराखाली मोटर मंदावू लागताच सोबत्याने बल्ब दाबत राहावे. तेवढ्याने ती उचल घेत असेल, तर इंधन पंप कमजोर आहे किंवा इंधन ओढले जाण्यात अडचण आहे. त्यानंतर वेगळी टाकी जोडावी. तिच्यावर मोटर सुरळीत चालली, तर दोष होडीची टाकी, नळी, फिल्टर किंवा तिथल्या झडपेत आहे आणि कार्ब्युरेटरला हात लावण्याचे कारण उरत नाही. ही एक चाचणी न केल्यामुळे कितीतरी कार्ब्युरेटर विनाकारण उघडले जातात आणि उघडल्यावर आणखी बिघडतात.

वेगळ्या टाकीवरही तक्रार तशीच राहिली, तर प्लग काढून सिलिंडरच्या क्रमानेच कापडावर मांडावेत, कारण क्रम चुकला की एकाच सिलिंडरचा दोष ओळखता येत नाही. एकच प्लग ओला आणि काळा असेल तर त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसावी. ठिणगी टेस्टरवरच पाहावी, प्लगच्या उघड्या भोकांपासून दूर, आणि आपत्कालीन बंद स्विचची क्लिप जागेवर आहे याची खात्री करून. मोटर जोरात फिरते पण होडी पुढे सरकत नाही, असे असेल तर इंजिन सोडून प्रोपेलरचा रबरी हब (मधला भाग) घसरतो आहे का ते पाहावे. थंड करणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धारही लक्षात घ्यावी. ती बारीक झाली असेल, तर काही मोटरी तापमान वाढताच संरक्षणासाठी आपली गती स्वतःच कमी करतात आणि चालक मात्र इंधनाचा दोष शोधत बसतो.

शेवटी कॉम्प्रेशन तपासावे: सर्व प्लग काढलेले, इग्निशन निष्क्रिय, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे मॅन्युअलशी आणि एकमेकांशी ताडून पाहावेत. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा स्पष्टपणे मागे असेल, तर इंधन आणि ठिणगीची कामे तिथेच थांबवावीत आणि हे आकडे, प्लगचा क्रम व सुरुवातीला लिहिलेली तक्रार घेऊन मोटर मेकॅनिककडे न्यावी.