लेन्सची कॅप सांभाळताना या चुका टाळा

गेली पंधरा वर्षं मी हौशी मंडळींना घेऊन डोंगरात, नदीकाठी, जत्रांना फोटो काढायला जाते. एक वाक्य दर वेळी कानावर पडतंच: "ताई, माझी कॅप दिसली का कुणाला?" मग दहा जण वाकून गवत चाळत बसतात आणि ज्या उजेडासाठी पहाटे तीनला उठून आलो, तो तेवढ्यात निघून जातो. नवीन लोक पहिल्या दिवशी कोणती लेन्स घेऊ, कोणता कॅमेरा घेऊ हे तासभर विचारतात. आहे ती लेन्स झाकायची कशी, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारता सांगते आहे.

"दोनच मिनिटं" म्हणून कॅप कुठेही ठेवणं

खडकावर, ट्रायपॉडच्या बुडाशी, मांडीवर, दातांत, मित्राच्या हातात. कॅप हरवायच्या नेहमीच्या जागा याच. कॅप काढताना आपलं सगळं लक्ष समोरच्या दृश्यात असतं, त्यामुळे हात ती कुठे ठेवतो याची आठवणच राहत नाही.

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी आमचा गट बसला होता. पाऊस उघडला होता, खालून ढग वर येत होते. एका नव्या मुलाने कॅप काढून शेजारच्या खडकावर ठेवली. मी म्हटलं, "खिशात घाल रे ती." तो म्हणाला, "दोनच मिनिटं, ताई." वाऱ्याने कॅप कडेवर उभी राहिली आणि घरंगळत कड्याच्या टोकाकडे निघाली. तो तिच्यामागे झेपावला. मी मागेच बसले होते म्हणून त्याच्या सॅकचा पट्टा माझ्या हातात आला. कॅप गेली, पोरगा राहिला. बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळणारी वस्तू होती ती. त्या रात्री तंबूत माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

तेव्हापासून गड चढायला लागण्याआधीच मी प्रत्येकाकडून वदवून घेते: कड्यावर, होडीत, पुलावर किंवा विहिरीच्या काठावर कॅप पडली तर ती गेली. तिच्यामागे जायचं नाही, हात लांबवायचा नाही. भिगवणला रोहित पक्षी बघायला होडीत बसलं की हेच पुन्हा सांगते, कारण एक जण वाकला की अख्खी होडी कलते.

आणि कॅप ठेवायची कुठे? एकाच खिशात, दर वेळी त्याच. माझा खिसा डावा. उजव्या हाताने कॅमेऱ्याची मूठ धरलेली असते, लेन्स तोलायला आणि कॅप काढायला डावा हात मोकळा असतो, मग तो हात जिथे सहज उतरतो तोच खिसा कॅपचा. तयार मिळणाऱ्या कुर्त्यांना खिसाच नसतो, म्हणून मी शिंप्याकडून प्रत्येक कुर्त्याला डावीकडे खोल खिसा शिवून घेते. त्यात दुसरं काहीही जात नाही. रुमाल नाही, सुटे पैसे नाहीत, किल्ली तर अजिबात नाही. पहिले पंधरा-वीस दिवस स्वतःला बजावावं लागतं, नंतर हात आपोआप जातो. एवढासुद्धा धीर ज्यांना धरवत नाही, ते मला दर वर्षी नवी कॅप कुठे मिळेल ते विचारतात.

मळलेली कॅप तशीच लेन्सवर लावणं

हरवलेल्या कॅपबद्दल सगळे बोलतात. माझं मोठं नुकसान मात्र जवळ असलेल्या कॅपने केलं.

सोमवती अमावस्येला जेजुरीला गेले होते. खंडोबाची पालखी गडावरून निघून कऱ्हेच्या स्नानाला जाते, "येळकोट येळकोट जय मल्हार"चा गजर होतो आणि पायऱ्या, दीपमाळा, माणसं सगळं भंडाऱ्याने पिवळंजर्द होतं. हळदीची पूड मुठीमुठीने उधळली जाते आणि हवेत तरंगत राहते. कॅमेऱ्याला मी प्लास्टिकची पिशवी बांधली होती, लेन्सच्या तोंडाला हूड, म्हणजे ऊन अडवणारं कडं, लावला होता, मऊ कापड वेगळं ठेवलं होतं. माझी सगळी तयारी लेन्ससाठी होती, कॅपचा विचार मी केलाच नव्हता. ती सॅकच्या बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात होती, तोंड वर करून, वाटीसारखी. दिवसभर तिच्यात भंडारा साठत राहिला.

संध्याकाळी अंधारात ती काढली आणि लेन्सवर दाबून बसवली. पुण्यापर्यंत मोटरसायकलवर मागे बसून आले, कॅमेरा मांडीवर. तासा-दीड तासाच्या हादऱ्यांनी कॅपमधली सगळी पूड काचेवर उतरली. घरी येऊन कॅप काढली तर काच पिवळी. मी दमलेली होते, ब्लोअर, म्हणजे धूळ उडवायचा रबरी फुगा, सॅकच्या तळाशी होता, ओढणी हाताशी होती. ओढणीने पुसलं. हळदीत मिसळलेल्या वाळूने काचेवर बारीक चरे उमटले, तेही अगदी मधोमध. त्यानंतर उजेडासमोर त्या लेन्सने काढलेल्या प्रत्येक फोटोवर पांढुरका पडदा यायला लागला. काच बदलायचा खर्च लेन्सच्या निम्म्या किमतीच्या घरात जात होता. पहिल्या कमाईतून घेतलेली लेन्स होती ती. अजून कपाटात आहे, विकायला मन होत नाही.

आता माझी सवय अशी. कॅप खिशात घालताना आतली बाजू अंगाकडे. परत लावण्याआधी ती पालथी करून तळहातावर दोनदा आपटायची आणि ब्लोअरने आतून फुंकायची. तोंडाने फुंकायचं नाही, त्यात थुंकीचे थेंब जातात. जत्रेत, धुळवडीला, वाळूत किंवा शेतात मळणी चालू असेल तिथे जाताना कॅप चेन असलेल्या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच खिशात. काचेवर पूड पडलीच तर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. ओढणी, शर्टाचं टोक, नाक पुसायचा रुमाल यांतलं काहीही लेन्सजवळ न्यायचं नाही. "एवढ्याने काय होतंय" हे वाक्य मी स्वतःशी म्हटलेलं आहे, त्यामुळे त्याचं उत्तर मला ठाऊक आहे.

पावसाळ्यात धुळीची जागा ओल घेते. ओली कॅप लावून लेन्स सॅकमध्ये बंद केली की ओल आतच कोंडली जाते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत बुरशीला एवढंच पुरतं. काचेच्या आत धरलेली बुरशी कापडाने निघत नाही. पावसातून आल्यावर आधी कॅप पुसून वाळवा, लेन्सचं पुढचं कडं टिपून घ्या, तोवर लेन्स उघडी राहिली तरी चालेल. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत.

दोरी लावली की काम झालं असं समजणं

कॅपला चिकटवायची दोरी मिळते, तिचं दुसरं टोक कॅमेऱ्याला बांधतात. मला हा उपाय मुळीच आवडत नाही. वाऱ्यात लोंबकळणारी कॅप लेन्सवर टकटक आपटते, रुंद दृश्य टिपणारी वाइड लेन्स असेल तर फोटोच्या कडेला डोकावते. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून, शटर चार सेकंद उघडं ठेवून धबधब्याचा फोटो काढताना तिच्या झोक्याने कॅमेरा थरथरतो. पावसाळ्यात चिकटपट्टी सुटते, आणि दोरी आहे या भरवशावर असल्यामुळे कॅप पडल्याचं कळतही नाही. दोरीपेक्षा खिशाची सवय लावा.

"मी यूव्ही फिल्टर लावलाय, मला कॅप नको" म्हणणारेही असतात. फिल्टरसुद्धा काचच आहे. त्याच्यावर चरे पडले की फोटोही तसेच येणार.

चुकीच्या मापाची कॅप आणणं

पन्नास मिलिमीटरची लेन्स आहे म्हणून दुकानात पन्नासची कॅप मागणारे दर महिन्याला भेटतात. पन्नास हे फोकल लेंग्थचं, म्हणजे लेन्स दृश्य किती जवळ आणते याचं माप. कॅपचं माप लेन्सच्या पुढच्या कड्याच्या व्यासावर ठरतं. लेन्सवर पुढच्या बाजूला, गोलावर तिरकी रेघ मारल्यासारखं चिन्ह असतं, त्याच्या शेजारचा आकडा बघा. कॅननच्या ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम लेन्सला ४९ची कॅप लागते, निकॉनच्या ५० मिलिमीटर एफ/१.८जी लेन्सला ५८ची. ५२, ५५, ५८, ६७, ७२, ७७, ८२ ही बाकीची नेहमीची मापं. बऱ्याच कॅपच्या आतल्या बाजूलाही आकडा छापलेला असतो.

घेताना मधोमध चिमटीत दाबायची कॅप घ्या. कडेने दाबायची कॅप हूड लावलेला असताना काढता-घालता येत नाही, आणि मग लोक हूडच काढून टाकतात. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा तुमच्या गावातल्या फोटोच्या दुकानात जाल तेव्हा लेन्स सोबत न्या, कॅप बसवून लेन्स हळूच उलटी धरून हलवा. ढिल्या स्प्रिंगची कॅप तिथेच परत करा. माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात प्रत्येक मापाची एक जास्तीची कॅप असते.

काळ्या कॅपला खूण न करणं

पिवळी किंवा केशरी चिकटपट्टी बोटभर लावा. कासच्या पठारावर हे फार जाणवतं. काळपट जांभ्याच्या सड्यावर काळी कॅप दिसत नाही, आणि ती शोधताना पायाखाली काय चिरडलं जातंय याचं भान राहत नाही. दवबिंदू नावाची कीटक खाणारी बोटभर वनस्पती तिथे मातीच्या पातळ थरात उगवते. एका कॅपसाठी चार माणसांनी तो वाफा तुडवलेला मी पाहिला आहे.

कॅप काढायलाच विसरणं

डीएसएलआरमध्ये बघताना काळोख दिसतो म्हणून लगेच कळतं. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात बघायची खिडकी लेन्सपेक्षा वेगळी असते, कॅप लावलेली असतानाही सगळं छान दिसतं. आमच्या घरातल्या एका लग्नाचा छत्तीस फोटोंचा रोल असाच धुऊन आला, निगेटिव्ह काचेसारखी कोरी. आजीचा शेवटचा फोटो त्यात असायला हवा होता. फिल्मवर नव्याने काम करणाऱ्या मुलांना मी सांगते, शटर दाबण्याआधी डावं बोट लेन्सच्या कड्यावरून फिरवा.

कॅप न निघणं आणि निघालेली कॅप नको तिथे पडणं या दोन्ही गोष्टी शुक्रावरही घडल्या आहेत. १९७५ साली सोव्हिएत व्हेनेरा ९ आणि १० या यानांच्या दोन-दोन कॅमेऱ्यांपैकी एकेकाचंच झाकण उघडलं. १९७८ साली गेलेल्या व्हेनेरा ११ आणि १२ ची झाकणं उघडलीच नाहीत. १९८२ साली व्हेनेरा १४ ची झाकणं नीट सुटली, पण त्यातलं एक नेमकं तिथे जाऊन पडलं जिथे माती दाबून बघणारा दांडा खाली येणार होता, आणि दांडा मातीऐवजी झाकणावर टेकला.

उन्हात मिररलेस कॅमेरा उघडा टांगणं

दुपारी ट्रायपॉडवर किंवा खांद्यावर असताना कॅप लावा. लेन्स ऊन एका बिंदूत गोळा करते, आणि बऱ्याच मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत बंद असतानाही सेन्सरसमोरचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपसमोरचा पडदा उघडाच असतो.

मागच्या कॅपकडे दुर्लक्ष

रिअर कॅपमधला कचरा लेन्सच्या मागच्या काचेवर आणि तिथून सेन्सरवर जातो. लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ/१६ला, आकाशाचा फोटो काढा, करडे ठिपके दिसतील. लेन्स कॅमेऱ्यावर चढवली की मोकळी झालेली रिअर कॅप आणि कॅमेऱ्याच्या तोंडावरची बॉडी कॅप एकमेकींत फिरवून अडकवा. दोघींच्या आतल्या बाजू झाकल्या जातात आणि दोन वस्तूंची एकच वस्तू सांभाळावी लागते.

एवढं करूनही प्रवासात कॅप गेलीच, तर हॉटेलात मिळणारी प्लास्टिकची अंघोळीची टोपी हूडवरून चढवा. तीही नसेल तर धुतलेलं सुती कापड दुहेरी करून लेन्सच्या तोंडावर घ्या आणि सैल रबरबँड लावा. रबरबँड फोकसच्या कड्यावर येऊ देऊ नका, आणि मुक्कामावर पोचलात की कापड काढून ब्लोअर मारा.