फुल फ्रेम बॉडी घेताय? पैसे द्यायच्या आधी हे सगळं करून बघा

लग्नसराई तोंडावर आली की मला ठरलेला मेसेज येतो, दादा फुल फ्रेम कॅमेरा घ्यायचाय, कोणता घेऊ. माझं म्हणणं असं की कोणता ते नंतर बघू, आधी हातात आलेला कॅमेरा तपासायचा कसा ते शिकून घ्या, कारण स्पेसिफिकेशनच्या कागदावर सगळेच भारी दिसतात आणि खरा कस लागतो तो रात्री नऊ वाजता हॉलमधल्या पिवळ्या उजेडात. खाली जे सांगतोय ते नव्या आणि वापरलेल्या दोन्ही बॉड्यांना (बॉडी म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) चालतं. उदाहरणाला सोनीचा ए7 थ्री धरतो, 2018 चा आहे, पण सेकंड हँडमध्ये अजून भरपूर फिरतो.

दुकानात जायच्या आधी एक काम घरीच करा. आपले गेल्या वर्षभराचे फोटो उघडा आणि बघा किती फोटो 3200 च्या वरच्या आयएसओचे, म्हणजे कमी उजेडात संवेदनशीलता वाढवून घेतलेले आहेत. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, म्हणजे स्वस्त कॅमेऱ्यांतल्या छोट्या एपीएस-सी सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने दुपटीहून मोठा, त्याचा फायदा मुख्य करून कमी उजेडात आणि बॅकग्राउंड ब्लर करण्यात. दिवसाउजेडी ट्रेकचे आणि पक्ष्यांचेच फोटो काढत असाल तर तेच पैसे लेन्सवर घाला, हे मी मनापासून सांगतोय. मेगापिक्सेलची पण चिंता नको. 24 मेगापिक्सेल म्हणजे 6000 बाय 4000, आपल्या 12 बाय 36 इंची अल्बमचं अर्धं पान 18 इंच रुंद असतं, तिथे इंचाला 333 पिक्सेल मिळतात, बास झालं.

जाताना बरोबर काय न्यायचं: स्वतःचं कार्ड, शक्यतो स्वतःची लेन्स, ब्लोअर, आणि एक मित्र. मित्र कशाला ते पुढे येईल.

पहिल्यांदा बॉडी हातात घ्या आणि लेन्स लावून दहा मिनिटं नुसती धरून उभे राहा. ए7 थ्री 650 ग्रॅमचा, त्यावर सोनीची पहिली 24-70 जीएम झूम लेन्स लावली की 886 ग्रॅम अजून, म्हणजे दीड किलो झालं, आणि टॅमरॉनची जुनी 28-75 लावली तर सगळं मिळून बाराशे ग्रॅम. हळदीपासून पाठवणीपर्यंत मनगटाला हा फरक कळतो. करंगळी ग्रिपच्या खाली लोंबकळते का, डायल न बघता फिरवता येतो का, तेही बघा.

मग सेन्सर, इथे घाई करू नका. आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ 16, फोकस मॅन्युअल करून इन्फिनिटीला, आणि पांढऱ्या भिंतीचा जवळून फोटो घ्या, कॅमेरा थोडा हलला तरी चालेल. मोठं करून कोपऱ्या-कोपऱ्यात बघा. काळपट गोल ठिपके म्हणजे धूळ, ब्लोअर मारून परत फोटो घ्या, ठिपका गेला किंवा सरकला तर विषय संपला (फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असतो हे लक्षात ठेवा). तिथेच राहिला तर तो चिकटलेला डाग किंवा ओरखडा असू शकतो. आता लेन्सची कॅप लावून दोन-चार सेकंदांचं एक्स्पोजर घ्या. दोन-चार रंगीत पिक्सेल चालतात. पण सरळ रंगीत रेघ किंवा ठिपक्यांचा पुंजका दिसला तर परत द्या, ते बरेचदा लेझरने जळलेलं असतं. आपल्याकडे मिरवणुकांत आणि संगीतच्या स्टेजवर लेझर थेट कॅमेऱ्याच्या तोंडावर मारतात, मिररलेसचा (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा, ए7 थ्री तसाच) सेन्सर तर स्क्रीनवर चित्र दाखवण्यासाठी कायम उघडाच असतो, त्यामुळे मिरवणुकांचे व्हिडिओ शूट केलेला कॅमेरा असेल तर ही टेस्ट दोनदा करा.

शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा, सगळे विचारतात, मी त्याला जरा कमी भाव देतो. ए7 थ्रीचं शटर 2 लाख फोटोंसाठी टेस्ट केलेलं, निकॉन डी750 आणि कॅननचा 5डी मार्क थ्री दीड लाख, कॅनन 6डी एक लाख. त्याच्या पुढेही कॅमेरे चालतात आणि त्याच्या आधीही बंद पडतात. निकॉन-सोनीचा आकडा बहुतेक वेळा फोटोच्या फाइलमधूनच निघतो, कॅननला बरेचदा केबल लावून सॉफ्टवेअर लागतं. निकॉनच्या झेड8, झेड9 ला मेकॅनिकल शटरच नाही, तिथे हा आकडा झिजेचा नाहीच. मी त्यापेक्षा कार्डचा स्लॉट, हॉट शू (वर फ्लॅश लावायची खाच) आणि स्क्रूची तोंडं बघतो. स्क्रूवर पेचकसाचे व्रण असतील तर बॉडी उघडलेली आहे, का उघडली ते विचारा.

आता मित्राचं काम. त्याला दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात उभा करा, तोंडापुढे दोन-तीन दोरे किंवा बोटं धरायला लावा आणि हळूहळू तुमच्याकडे चालत यायला सांगा. मुंडावळ्यांची टेस्ट आहे ही! आय ऑटोफोकस, म्हणजे डोळा ओळखून आपोआप होणारा फोकस, मोकळ्या चेहऱ्यावर छान चालतो, पण डोळ्यांपुढे मोत्यांच्या माळा हलायला लागल्या की काही बॉड्या माळेवरच अडकतात, आणि वरमाला काही परत घालत नाहीत. वीस फोटो घ्या, किती शार्प आले ते मोजा. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर फोकस मागे-पुढे जातोय का तेही स्वतःच्या लेन्सने बघा.

सायलेंट शटर, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, जरूर तपासा. माझा स्वतःचा अनुभव आहे, मंगलाष्टकं चालू असताना आवाज नको म्हणून सायलेंट लावला, अंतरपाट खाली आला, वधूने वर बघितलं, आणि मागच्या एलईडी वॉलवर आडवे काळे पट्टे. तेवढे फोटो गेले, अजून वाईट वाटतं. सेन्सर ओळी-ओळीने वाचला जातो म्हणून हे होतं. घरगुती दिवे 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, म्हणून शटर 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवलं की बरंचसं जातं, पण एलईडी वॉलचं गणित वेगळं, तिथे मेकॅनिकल शटरच बरा. स्टॅक्ड सेन्सरच्या (खूप वेगाने वाचल्या जाणाऱ्या सेन्सरच्या) बॉड्यांत हा त्रास कमी, ग्लोबल शटरवाल्या ए9 थ्रीमध्ये सेन्सर एकदमच वाचला जातो. दुकानातल्या ट्यूबखाली 1/500 ला सायलेंट फोटो घेतला की लगेच कळतं.

पैसे घेऊन काम करणार असाल तर दोन कार्डाचे स्लॉट हवेतच, यावर मी तडजोड करत नाही. कॅनन 6डी आणि निकॉनचा पहिला झेड6 छान कॅमेरे आहेत, पण कार्ड एकच. ए7 थ्रीला दोन आहेत, त्यातला फास्ट एकच, म्हणून दोन्हीत रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) लावून बर्स्ट मारा, म्हणजे सलग भराभर फोटो घ्या, आणि बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.

शेवटचं काम घरी. एक रॉ फाइल मुद्दाम चार स्टॉप अंडर, म्हणजे बरीच काळोखी, काढून आणा, फ्रेममध्ये काळा कोट आणि काहीतरी चमकणारं असू दे, जरीचं कापड असेल तर उत्तमच. लॅपटॉपवर उजेड वाढवा, कोटाचा काळा रंग जांभळा होतोय का, सावलीत पट्टे येतायत का, चेहऱ्याचा रंग टिकतो का ते बघा. शेजारी आयएसओ 6400 चा फोटो उघडून केसांची बट बघा. दुकानदार कार्डात फोटो घेऊन जाऊ देत नसेल तर दुसरं दुकान बघा, मुंबईच्या बोरा बाजारात एका गल्लीत कितीतरी आहेत. आणि पैसे देताना बॉडीखालचा सिरीयल नंबर बिलावरच्या नंबरशी एकेक आकडा जुळवून घ्या.